चार सूत

नकाशावर लिहिलं होतं : फट शून्य.
मीच लिहिलं होतं,
होटगी रोडच्या ऑफिसात, एसी बंद पडलेल्या दुपारी.
खाली कार्लेकर मॅडमची सही.

मॅडमचा हट्ट साधा.
ज्या गावात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड,
तिथं स्लॅबला एकवीस दिवस पाणी मारायचं
ते कुणाच्या हंड्यातलं?
म्हणून भिंती कोरड्याच जन्मू देत, म्हणाल्या,
चिंचोळीच्या शेडमध्ये, सावलीला,
उसाच्या चिपाडाच्या, चुन्याच्या.
जागेवर जायचे ते फक्त नटबोल्ट
आणि चार माणसांचा डबा.

घर पाहावं बांधून, म्हणतात.
मॅडम म्हणायच्या, पाहावं उकलून;
उकलता आलं तर ते नीट बांधलेलं.

शेडमध्ये अंबादास गुर्रम.
गिरणी बंद पडेपर्यंत जॉबर,
आता आमच्या साच्यांवर.
तक्ते मोजतो तेलुगूत,
ओरडतो मराठीत.
पहिल्याच दिवशी नकाशा उलटा धरून विचारलं,
‘सैल किती धरलीय?’
मी म्हटलं, यंत्र कापतंय, दादा. सैल कशाला?
तो काही बोलला नाही.
कानावरची पेन्सिल काढली, परत कानावर ठेवली.

पाळणाघर होतं विडीवाल्या बायांचं,
कुंभारीच्या वाटेला.
काळी जमीन, मे महिन्यात हात जाईल अशी फाटलेली;
म्हणून घर पायांवर उभं,
जमिनीला फारसं न विचारता.

सकाळी सहाला ट्रक आला.
ओकटी, रेंडु, मूडु…
सोळा तक्ते बसले, पत्ते लावावेत तसे.
सतरावा
बसेना.

बारा मिलिमीटर.
मी टेप तीनदा लावली.
टेपवर राग काढला, क्रेनवर काढला,
मग उन्हावर.
प्रत्येक तक्ता केसभर फुगला होता,
आणि सोळा केसांचा दोर झाला होता.
क्रेनवाल्याचं मीटर चालू.
बाया पदर डोक्यावर घेऊन बघत उभ्या,
सुपातली पानं कात्रीनं कापता कापता,
आमच्याकडे बघूनही एकसारखी.

अंबादासनं वीत लावली.
‘चार सूत,’ म्हणाला.
‘ताणा लावताना आम्ही आकस धरायचो.
कापड काही कागदावर राहत नाही.’

रंधा त्यानं घरूनच आणला होता.
तेव्हा मला कळलं, की त्याला माहीत होतं.
रागावणार होते. रागावले नाही.
भुसा त्यानं पोत्यात भरला, मूठ न् मूठ,
पुढच्या भिंतीसाठी.
उरलेल्या फटीत टॉवेल-कारखान्यातली कातरण,
पीळ देऊन, ठोकून.
निळी, गुलाबी किनार; ती आजही बाहेरून दिसते.
मॅडमना वाटलं, मी मुद्दाम डिझाईन केलंय.
मी तसंच वाटू दिलं. एक दिवस.

तिसऱ्या दिवशी रामक्का चिट्याल आली,
भिंत वाजवली बोटाच्या पेरानं,
टरबूज वाजवावं तशी.
‘पोकळ वाजतंय की.’
मी वाळवी, आग, वारा, वीस वर्षं
सगळं एका दमात सांगितलं.
‘आमचा पत्रा बी वाजतोय,’ ती म्हणाली.
मग, दुपारचे दोन असताना,
तिनं गाल टेकवला भिंतीला
आणि उचललाच नाही.
आतून कुणाचं तरी पोर रडत होतं,
तरी नाही.

परवा नवा नकाशा काढला, शाळेचा,
अक्कलकोट रोडला, अठ्ठावीस तक्ते.
प्रत्येक दोहोंच्या मध्ये लिहिलं :
सैल, एक सूत.
कॉम्प्युटरला कळेना.
लाल चौकट आली, विचारू लागली
एकक कोणतं.
मी अंबादासला फोन लावला,
तो जेवत होता,
कडक भाकरी मोडल्याचा आवाज ऐकू आला.
‘लिही की,’ म्हणाला,
‘हातभर घरात
श्वासाला लागतं तेवढं.’
तेही घेईना.